ठळक, गोलाईदार अक्षर : निवड आणि वापर

भडंगाचे पाकीट, बालवाडीची पाटी, आइस्क्रीमच्या दुकानाचा बोर्ड किंवा गणेशोत्सवातल्या बालनाट्याचे भित्तिपत्रक, यांपैकी कोणतेही काम घेऊन सांगलीत डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी, करणाऱ्याकडे गेलेला ग्राहक बहुधा एकच मागणी करतो : अक्षर जाड हवे आणि जरा गोल हवे. मागणी रास्त आहे. जाड आणि कडा मऊ केलेले अक्षर लांबून नजरेत भरते, जवळून पाहताना दटावत नाही, आणि खाऊ, खेळ, मुले, सण या विषयांशी त्याचे नाते वाचकाच्या मनात आधीच जुळलेले असते. तरीही असे अक्षर नुसते निवडून, ताणून मोठे करून छापायला दिले की पुष्कळदा काम बिघडते. या अक्षराचा सगळा डोलारा त्याच्या आतल्या मोकळ्या जागेवर, म्हणजे पोकळीवर, उभा असतो. आणि आकार, अंतर, रंग, छपाईचे साहित्य यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या पोकळीवर काही ना काही परिणाम करते. ती कशी ओळखावी, कशी राखावी आणि कोणत्या कामात हे अक्षर घेऊच नये, ते पुढे मांडले आहे.

अक्षराचा स्वभाव

देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूने घडवले. बोरूचे टोक तिरके कापलेले असल्यामुळे रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते, आणि तिच्या टोकांना तिरपा, धारदार काप दिसतो. पोथ्या, त्यानंतर शिळाछापाची आणि खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेली, पुस्तके यांतून हाच काप आपल्या डोळ्यांत बसला. गोलाईदार अक्षरात तो नाहीसा होतो. रेघेची टोके गोल होतात, दोन रेघा मिळतात तिथले कोपरे भरले जातात, वळणे फुगीर होतात. शाईने भरलेला गोल कुंचला कागदावर टेकवून सावकाश ओढावा तशी रेघ दिसते. जाड-बारीक रेघांमधला फरकही कमी होतो, मात्र चांगल्या फॉन्टमध्ये तो पुरता जात नाही, आणि त्यामागचे कारण या लेखाच्या गाभ्याशीच जोडलेले आहे.

रोमन लिपीत या घराण्याच्या दोन शाखा स्पष्ट दिसतात. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांनी रेखलेला आणि बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीने १९२२ मध्ये बाजारात आणलेला ‘कूपर ब्लॅक’ जाड-बारीक फरक राखतो आणि रेघांच्या पायथ्याशी मऊ फुगवटा ठेवतो. फोक्सवॅगनच्या विक्रेत्यांसाठी १९७९ मध्ये तयार झालेल्या ‘व्हॅग राउंडेड’मध्ये मात्र रेघ जवळपास एकाच जाडीची असून फक्त तिची टोके गोल आहेत. पहिल्या शाखेत ऊब अधिक आहे, दुसरीत टापटीप अधिक. देवनागरी फॉन्ट निवडतानाही आपल्याला या दोहोंपैकी काय हवे आहे, हे आधी ठरवून घेतले की शोध पुष्कळ सोपा होतो.

मराठीत काम करणाऱ्यांना आज सहज आणि विनामूल्य मिळणारे असे दोन फॉन्ट म्हणजे ‘बलू’ आणि ‘मोदक’. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले आहेत, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर आहेत, आणि मुक्त परवान्यामुळे व्यावसायिक कामातही बिनदिक्कत वापरता येतात. ‘बलू २’ या आवृत्तीत रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजने, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पाच पायऱ्या, मिळतात, म्हणून रोजच्या कामाला तीच अधिक सोयीची. ‘मोदक’ एकाच वजनात आहे आणि ते वजन कमालीचे भरगच्च आहे; त्याच्या पोकळ्या इतक्या अरुंद आहेत की त्या जवळजवळ रेघांसारख्या दिसतात. ‘बलू’चा आणखी एक गुण आपल्या जिल्ह्याला विशेष उपयोगी आहे. या घराण्यात इतर भारतीय लिप्याही आहेत आणि कन्नडसाठी ‘बलू तम्मा’ हा स्वतंत्र फॉन्ट आहे. ज्यांचा माल मिरजेच्या पलीकडे कर्नाटकात जातो, त्यांना मराठी आणि कन्नड पाकिटांवर एकाच चेहऱ्याची अक्षरे ठेवता येतात. दोन लिप्यांसाठी दोन भिन्न स्वभावांचे फॉन्ट घेतले की एकाच मालाचे दोन वेगळे माल वाटू लागतात, ही अडचण त्याने सुटते.

पोकळी

रोमन अक्षर जाड करणे तुलनेने सोपे असते, कारण त्याच्या उंचीत मोजक्याच रेघा मावाव्या लागतात. देवनागरीत शिरोरेखा आधीच वरची जागा घेते, तिच्याखाली गाठ, वळण, दंड आणि कधी एकाखाली एक रचलेले जोडाक्षर येते, आणि वर-खाली मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार यांनाही जागा हवी असते. अशा अक्षराची प्रत्येक रेघ सारख्या प्रमाणात जाड केली तर ‘क्ष’, ‘झ’, ‘ळ’, ‘ण’ ही अक्षरे काळे ठोकळे होतील. म्हणून जाणकार अक्षरकार बाहेरच्या रेघा जाड ठेवतो आणि आतल्या रेघा गुपचूप बारीक करतो. ‘बलू’ किंवा ‘मोदक’ पडद्यावर खूप मोठा करून ‘ब’ आणि ‘ष’ पाहावेत. पोटातली तिरकी रेघ उभ्या दंडापेक्षा किती सडपातळ आहे, आणि जिथे ती दंडाला मिळते तिथे कोपऱ्यात थोडी जागा कशी राखलेली आहे, हे नीट पाहिले की फॉन्टचा दर्जा ओळखण्याची नजर तयार होते. ती तिरकी रेघ बुजली तर ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांत भेद उरत नाही.

सर्वांत नाजूक जागा ‘भ’ आणि ‘ध’ यांची आहे. ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळे करते ती डाव्या बाजूला शिरोरेखेत सोडलेली फट आणि तिथे वळलेले छोटे टोक. ‘ध’ आणि ‘घ’ यांचेही तसेच. अक्षर जसजसे जाड होते तसतशी शिरोरेखा आणि ते टोक दोन्ही फुगतात आणि मधली फट चिमटते. पाकिटावर बोटभर उंचीने छापलेला ‘भडंग’ हातात घेतल्यावर स्वच्छ वाचता येतो, पण तोच शब्द दुकानाच्या मागच्या फळीवरून किंवा मोबाइलवरच्या छोट्या चित्रातून पाहिला की डोळा ‘म’ वाचतो आणि मग अंदाजाने दुरुस्ती करतो. वाचकाला अंदाज करायला लावणारे अक्षर कितीही देखणे असले तरी त्याने आपले काम केलेले नसते. नावात ‘भ’ किंवा ‘ध’ असेल, तर एक पायरी कमी वजन निवडणे हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे. एक्स्ट्राबोल्डऐवजी बोल्ड घेतल्याने ठळकपणा फारसा घटत नाही, पण फट परत मिळते.

पारख कशी करावी

संकेतस्थळावर दिसणाऱ्या नमुन्याच्या ओळीवरून फॉन्ट निवडू नये. ती ओळ फॉन्टच्या सोयीची असते. आपल्या कामातले खरे शब्द टाकून पाहावेत, आणि त्यांच्या जोडीला ‘भडंग’, ‘धने’, ‘बेदाणा’, ‘हळद’, ‘षष्ठी’, ‘कृष्णा’, ‘लाडू’, ‘शेंगा’, ‘दुसऱ्या’, ‘लठ्ठ’, ‘मुद्दा’ असे अडचणीचे शब्दही टाकावेत. ‘ठ्ठ’ आणि ‘द्द’ यांसारखी जोडाक्षरे एकाखाली एक येतात, की हलन्त (पाय मोडल्याची खूण) दाखवून शेजारी येतात, हे पाहावे. ठळक फॉन्टमध्ये अक्षरकार पुष्कळदा दुसरा मार्ग घेतो आणि तो अयोग्य मुळीच नाही, पण दुकानाच्या नावातच असे जोडाक्षर असेल तर ते मालकाला आधी दाखवलेले बरे.

मराठी वळणांची तपासणी वेगळी करावी. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांची मराठी वाचकाला सवय आहे. अनेक फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे साठवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवल्यावरच मराठी वळण पुढे येते. तेव्हा फॉन्टला दोष देण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधील भाषेची निवड तपासावी. ५, ८ आणि ९ या अंकांचेही तेच. ‘ऱ्या’मधला अर्धा र दिसायला एवढासा आणि जाड अक्षरात सहज चिरडला जाणारा, पण त्याचे काम मोठे आहे. जेवणावळीची कामे घेणाऱ्याच्या जाहिरातीत ‘आचाऱ्यांना’ऐवजी ‘आचार्यांना’ छापले गेले, तर स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजन येतात. हा र फॉन्टमध्ये आहे, आणि ठरवलेल्या आकारात वाचताही येतो, याची खात्री करूनच पुढे जावे.

जुळवणी

देवनागरीत अक्षरांतले अंतर वाढवण्याचा मोह टाळावा, आणि गोलाईदार फॉन्टमध्ये तर तो कटाक्षाने टाळावा. साध्या फॉन्टमध्ये अंतर वाढवल्यावर शिरोरेखा नुसती तुटते. गोलाईदार फॉन्टमध्ये प्रत्येक तुकड्याच्या टोकांची रचना वेगळी असू शकते. शब्दाच्या कडेला जे टोक गोल शोभते तेच शब्दाच्या मध्ये उघडे पडले की शिरोरेखा गाठी-गाठींची दिसते, आणि ‘खाऊ’मधल्या ‘ख’च्या शेजारी अनाठायी जागा पडून ‘र’ आणि ‘व’ सुटे वाचले जातात. शब्द रुंद हवा असेल तर आकार वाढवावा. आडवे ताणणे हा त्यावरचा मार्ग नाही : ताणल्याने उभे दंड जाड होतात, आडव्या रेघा आहेत तशाच राहतात, गोल टोके लंबगोल होतात आणि अक्षरकाराने तोलून ठेवलेले सगळे प्रमाण एका झटक्यात बिघडते. फ्लेक्सच्या मापात नाव बसत नाही म्हणून ताणलेली अक्षरे आपल्याकडे इतकी दिसतात की ती चूक आहे हेही लक्षात येईनासे झाले आहे.

दोन ओळींतले अंतर फॉन्टने ठरवलेले असते, आणि वरच्या मात्रा व खालचे उकार दोन्ही सामावून घ्यायचे असल्यामुळे ते बरेच सैल असते. शीर्षकात ते हाताने कमी करावे. आकड्यावर विसंबण्याऐवजी वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या नेमक्या कुठे समोरासमोर येतात ते पाहून ओळी जवळ आणाव्यात, आणि दोहोंमध्ये निदान एका रेघेच्या जाडीएवढी जागा ठेवावी. कधीकधी शब्दांची ओळींमधली विभागणी बदलली तरी हा प्रश्न मिटतो.

अक्षरांभोवती किनार देण्याची पद्धत पाकिटांवर आणि मंडळांच्या फलकांवर सर्रास आहे, आणि पोकळीचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते. सॉफ्टवेअर किनार सामान्यतः अक्षराच्या कडेवर मध्यभागी धरते. म्हणजे किनारीची अर्धी जाडी बाहेर जाते आणि अर्धी अक्षरावर चढते, तर पोकळीत ती आतल्या बाजूने पसरून उरलेली जागा खाते. कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये किनार अक्षराच्या रंगामागे ठेवण्याची सोय आहे, ती घ्यावी. त्याने अक्षराची मूळ जाडी तरी शाबूत राहते. शिवाय शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, त्यामुळे किनार दिली की प्रत्येक सांध्यावर उभी चीर उमटते. त्यासाठी शब्द आधी कर्व्ह्जमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या मजकुरातून नुसत्या आकृतीत, बदलून, सगळी अक्षरे वेल्ड करून, म्हणजे एकमेकांत जोडून, एकसंध आकृती करावी आणि मगच तिला किनार द्यावी. एवढे करूनही पोकळ्या बुजत असतील, तर लहान पोकळ्यांमधली किनार काढून टाकावी. बाहेरची किनार तेवढी राहिली तरी पाहणाऱ्याला काही उणे वाटत नाही.

पाकीट, पाटी, दिव्यांची अक्षरे

प्लॅस्टिकच्या पाकिटावर छापताना शाई थोडी पसरतेच. गडद अक्षर त्यामुळे फुगते आणि पोकळी आकुंचन पावते; गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर सोडलेले असेल तर उलट होते, शाई चहूबाजूंनी अक्षरात शिरते आणि ‘ब’च्या पोटातली बारीक रेघ सर्वांत आधी तुटते. म्हणून गडद अक्षरासाठी एक वजन कमी घ्यावे, आणि पांढऱ्या अक्षरासाठी आतल्या रेघा फार बारीक नसलेले वजन निवडावे. पांढऱ्या अक्षराच्या बाबतीत आणखी एक काळजी अशी की त्याच्या भोवतीचा गडद रंग शक्य तो एकाच शाईचा असावा. तीन-चार शायांच्या मिश्रणातून तो साधला असेल आणि छपाईत एखादी शाई केसभर सरकली, तर पांढऱ्या रेघेच्या कडेला रंगाची झालर येते.

दिव्यांच्या पाटीचे गणित वेगळे आहे. आतून उजळलेले अक्षर अंधारात स्वतःच्या कडेबाहेर पसरल्यासारखे दिसते, आणि दिवसा उत्तम वाचता येणारे नाव रात्री उजेडाचा पट्टा होऊन जाते. गोलाईदार अक्षर एलईडीच्या कामाला मुळात सोयीचे असते, कारण रेघ रुंद असल्याने आत दिव्यांना जागा मिळते आणि पत्र्याची कड टोकदार कोपऱ्यांशिवाय सलग वळवता येते. पण त्याच कारणासाठी सर्वांत जाड वजन घेतले तर रात्रीचे वाचन बिघडते. मधले वजन घ्यावे, आणि दिव्यांचा प्रकाश अंमळ सौम्य ठेवावा. रेडियम कटिंगमध्ये, म्हणजे चिकटणाऱ्या पातळ प्लॅस्टिकमधून अक्षरे कापण्यात, गोल टोकांचा फायदा सरळ आहे : टोकदार कोपरा आधी उचलला जातो, गोल टोक चिकटून राहते. एसीपी (ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा) किंवा ॲक्रिलिक राउटर या कापण्याच्या यंत्रावर कापतानाही हत्याराच्या जाडीमुळे आतला कोपरा गोलच येतो, त्यामुळे इथे आराखडा आणि वस्तू यांत फरक पडत नाही.

पाटीवरच्या अक्षराची उंची ठरवताना दर १० फुटांच्या अंतराला १ इंच हा पाटी करणाऱ्यांचा सर्वसाधारण हिशेब आहे. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्याच्या एका कडेची पाटी दुसऱ्या कडेवरून वाचता यायची असेल, तर अक्षर निदान १० इंच हवे. हा हिशेब रोमन कॅपिटल अक्षरांवरून आलेला आहे हे विसरू नये. देवनागरीत वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंतची उंची न धरता शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची धरावी, आणि अक्षर फार जाड असेल तर त्यात आणखी वाढ करावी.

दुकानाच्या पाटीवर मराठीबरोबर इंग्रजी नावही असते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नाव देवनागरीत मराठी भाषेत असणे बंधनकारक आहे. दुसऱ्या लिपीत नाव लिहायचे तर मराठी आधी यायला हवे, आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. इथे तांत्रिक खुबी अशी की फॉन्टच्या आकाराचा आकडा दोन्हीकडे सारखा ठेवला तरी मात्रांना जागा सोडावी लागल्यामुळे देवनागरी अक्षराचे अंग प्रत्यक्षात लहान पडू शकते. म्हणून आकड्यांवर न जाता पट्टी लावून मोजावे, आणि मराठी ओळ मोठीच ठेवावी. ते कायद्याला धरून होते आणि जाड अक्षराच्या पोकळीलाही मानवते.

कुठे घ्यावे, कुठे टाळावे

हे अक्षर एक ते चार शब्दांसाठी आहे. नाव, हाक, किंमत, छोटे घोषवाक्य एवढ्यावर त्याने थांबावे. घटकपदार्थ, निव्वळ वजन, पत्ता, कार्यक्रमपत्रिका हा सगळा मजकूर साध्या, मोकळ्या फॉन्टमध्ये असावा. ‘बलू’च्याच संस्थेचा ‘मुक्ता’ त्याच्या शेजारी चांगला बसतो, कारण त्याची वळणे मोकळी आहेत आणि तो सात वजनांत मिळतो. दोन गोलाईदार फॉन्ट एकत्र मात्र आणू नयेत. ते एकमेकांना पूरक न होता एकमेकांची नक्कल वाटतात.

खाऊचे पदार्थ, खेळणी, बालवाडी, बालनाट्य, सहल, आइस्क्रीम आणि ज्यूसची दुकाने, मंडळाचे स्वागतफलक, लहान मुलांसाठीचे आरोग्यविषयक फलक, इथे हे अक्षर मनापासून वापरावे. श्रद्धांजलीच्या फलकावर, औषधाच्या मात्रेच्या सूचनेत, ठेवींच्या जाहिरातीत किंवा कायदेशीर नोटिशीत ते वापरू नये. तिथे वाचकाला गांभीर्य आणि नेमकेपणा हवा असतो, आणि फुगीर अक्षर शब्दांच्या अर्थाशी विसंगत होते. काही कामे मधल्या जागी पडतात. मिरजेच्या सतारकारांची पाटी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. भोपळ्याची गोलाई पाहून गोल अक्षराची कल्पना सुचणे स्वाभाविक आहे, पण ती कारागिरी तारांच्या, पडद्यांच्या आणि नक्षीच्या बारकाव्यांत आहे, आणि जाड अक्षर नेमका तो बारकावा झाकते. तिथे बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक रेघांचे अक्षर शोभेल. हळदीच्या पाकिटावर दोन्ही चालतील. घरगुती स्वयंपाकासाठीचा माल असेल तर मी गोलाईदार अक्षर निवडीन, आणि भेटीदाखल देण्याच्या महागड्या डब्यावर ते टाळीन.

छपाईला देण्यापूर्वी

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व नव्या फॉन्टना समान असलेल्या अक्षरसंकेतात, टाइप करावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर ‘बलू’मध्ये तसाच बदलायला गेल्यास निरर्थक चिन्हे उमटतात, तो आधी रूपांतरित करावा लागतो, आणि रूपांतरात जोडाक्षरे व रफार यांची पुन्हा तपासणी करावी लागते. छापखान्याला फाइल देताना अक्षरे कर्व्ह्जमध्ये बदलून द्यावीत, म्हणजे तिथे फॉन्ट नसला तरी रूप बदलत नाही. पण बदलल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून शुद्धलेखन त्याआधी तपासावे आणि टाइप केलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी.

शेवटचे प्रूफ प्रत्यक्ष आकारातच पाहावे. पाकीट असेल तर ते कागदावर छापून, कापून, भरलेल्या पाकिटाभोवती गुंडाळावे, कारण फुगलेल्या पाकिटावर कडेची अक्षरे वळतात आणि त्यांच्या पोकळ्या आणखी अरुंद दिसतात. पाटी असेल तर नावातले सर्वांत गजबजलेले एक अक्षर पूर्ण मापात छापून ते जागेवर लावावे आणि रस्त्याच्या पलीकडून, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर, नाव ठाऊक नसलेल्या एखाद्याला ते वाचायला सांगावे. तो ‘भ’ला ‘म’ म्हणाला, तर वजन एक पायरी उतरवून तेच अक्षर पुन्हा छापून पाहावे.